आश्रयाचे ऋण आणि मनाचे स्वातंत्र्य

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्याविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. रमाबाईंनी धर्म का बदलला, हा तो प्रश्न. त्यांच्या हयातीत तो रागाने विचारला गेला, त्यांच्या मृत्यूनंतर खेदाने आणि अलीकडच्या काळात काहीशा कौतुकाने. प्रश्न एकच राहिल्यामुळे उत्तरेही दोन-तीन ठरावीक साच्यांतली झाली. रमाबाईंच्या आयुष्यात त्याहून अवघड असा दुसरा एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो त्यांच्यापुरता मर्यादित नाही. जो अन्न देतो, छप्पर देतो, अक्षर देतो, त्याचा घेणाऱ्याच्या मनावर कितपत अधिकार पोचतो? समाजसुधारणेच्या कोणत्याही चळवळीला या प्रश्नाशी केव्हा ना केव्हा गाठ घ्यावी लागते. रमाबाईंच्या बाबतीत विशेष असे, की हा प्रश्न त्यांच्यापुढे तीन वेळा उभा राहिला आणि तिन्ही वेळा त्यांची जागा निराळी होती. इंग्लंडमध्ये त्या स्वतः आश्रित होत्या, पुण्यात त्या आरोपी होत्या आणि मध्य प्रांतातल्या दुष्काळानंतर केडगावात त्या सर्वाधिकारी होत्या.

या प्रश्नाचे मूळ त्यांच्या बालपणात शोधावे लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान खरे, पण रूढ अर्थाने वादळी वृत्तीचे सुधारक नव्हेत. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, एवढ्या एका गोष्टीपायी त्यांना पंडितांच्या सभेत शास्त्राधार द्यावे लागले. पुढे हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले आणि वर्षानुवर्षे देवळांच्या ओवऱ्यांतून पुराण सांगत फिरत राहिले. श्रोत्यांनी जे वाहावे त्यावर चरितार्थ चालावयाचा. पुराणिकाचे जिणे हे दानावरचे जिणे असले, तरी त्यात याचना नसते. देणारा पुण्यासाठी देतो आणि घेणारा विद्येच्या अधिकाराने घेतो. दोघांच्याही मनाला त्यात कमीपणा वाटत नाही. हा समतोल दुष्काळाने मोडला. मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात, १८७४ च्या सुमारास, आधी वडील आणि पाठोपाठ आई गेली. थोरली बहीणही त्यानंतर दगावली. अन्न संपल्यावर जलसमाधी घेण्याचा विचार वडिलांनी केला होता. हमाली करून पोट भरावे, ही कल्पना त्या घरात तोवर कुणाच्या मनालाही शिवली नव्हती. ती अखेर रमाबाईंच्या भावाने, श्रीनिवासशास्त्र्यांनी बोलून दाखविली. हे सारे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि त्या लेखनात आत्मकरुणेचा लवलेशही नाही, ही गोष्ट वाचकाच्या मनावर अधिक ठसते. भूक माणसाला किती लवकर दुसऱ्याच्या हाती देते, हे त्यांना सोळाव्या वर्षी ठाऊक झाले होते.

कलकत्त्यात १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, हे सर्वश्रुत आहे. त्याच नगरीत केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली व ती वाचण्यास सांगितले, ही गोष्ट मात्र तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. पुराणे मुखोद्गत असलेल्या या तरुणीने वेद वाचलेले नव्हते, कारण ते स्त्रीने वाचू नयेत असे तिला शिकविले गेले होते. ग्रंथ हाती आला, वाचला गेला आणि शंका सुरू झाली. रमाबाईंच्या मनाची घडण लक्षात घेता हा क्रम महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी वळणे वाचनातून आली आहेत. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांनी केलेला नोंदणी विवाह हा जातीच्या आणि प्रांताच्या दोन्ही सीमा ओलांडणारा होता. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांत पतीचा मृत्यू झाला आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या.

पुण्याने त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून त्या दिवसांचे जे चित्र उभे राहते, त्यात नवलाई आहे, कुजबुज आहे आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची नाराजीही आहे. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज ते वाचताना त्याचा उपदेशपर सूर खटकतो, त्यातली पतिव्रता-धर्माची चौकटही जुनीच वाटते. मात्र या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी विलायतेच्या प्रवासाचा खर्च भागविला, ही बाब प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मोलाची आहे. कुणाच्या देणगीवर जावयाचे नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. वाँटेज येथील ज्या मठात त्या १८८३ मध्ये उतरल्या, तेथेही राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाचे, असा व्यवहार ठरला होता. दुष्काळातून आलेली ही स्त्री अन्नाचा हिशेब चोख ठेवू पाहात होती.

तो हिशेब टिकला नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये मुलीसह बाप्तिस्मा घेतल्यानंतर मठाच्या दृष्टीने त्या पाहुण्या उरल्या नाहीत, शिष्या झाल्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि जो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिला, तो एकोणिसाव्या शतकातील वैचारिक गद्याचा एक असामान्य नमुना आहे. दुर्दैवाने तो इंग्रजीत असल्यामुळे मराठी गद्याच्या इतिहासात त्याची नोंद होत नाही. या पत्रांतून एका बाजूला मायेने बोलणारी, पण आज्ञापालनाची अपेक्षा धरणारी गुरू दिसते. दुसऱ्या बाजूला एक नवी ख्रिस्ती स्त्री दिसते, जी ख्रिस्ताला मानते पण त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्याशिवाय मानण्यास तयार नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. कलकत्त्याच्या पंडितसभेत बोललेल्या या स्त्रीला तो विरोध किती विचित्र वाटला असेल, याची कल्पना करता येते. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविले ते दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. गहिवर न घालता, कृतज्ञता न नाकारता आणि तरीही एक पाऊल मागे न घेता त्यांनी हा वाद चालविला. मठाच्या अन्नाचे ऋण त्यांनी मान्य केले, पण ते ऋण विवेकाने फेडावयाचे नसते, हेही त्यांनी स्पष्ट बजावले.

या वादातील एक धागा विशेष लक्षपूर्वक पाहावा लागतो. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, याविषयी मठ आणि आई यांच्यात मतभेद झाले. ज्या गोष्टींवर आपला विश्वास नाही त्या आपल्या मुलीला शिकविल्या जाऊ नयेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. मुलगी मठाच्या छपराखाली वाढत होती, मठाचे अन्न खात होती, तरी तिच्या मनाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार पालकाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. आठ-दहा वर्षांनंतर पुण्यातले पालक जवळजवळ हेच त्यांना सांगणार होते.

अमेरिकेतील दोन-अडीच वर्षे येथे थोडक्यात आटोपता येतील. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी, म्हणजे ११ मार्च १८८६ साठी, त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथेच रमल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या आर्थिक साहाय्याचे आश्वासन मिळाले. परतल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याला अजूनही पुरेसा न्याय मिळालेला नाही, एवढे येथे नमूद करून पुढे जाणे इष्ट.

मुंबईस चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू झाले. (आनंदीबाईंच्या पदवीचा दिवस तोच आणि सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला तोही ११ मार्च, १८९३ चा. महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाच्या इतिहासात या तारखेने बरेच काही पाहिले आहे.) पुढच्याच वर्षी सदन पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक राहील, असे वचन होते. ते वचन देणाऱ्यांत बॉस्टनचे देणगीदारही होते. स्वयंपाक, सोवळे, तुळशीपूजा यांत सदनाने ढवळाढवळ केली नाही, हे विरोधकांनाही नाकारता आले नाही. पण रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली त्या दारातून आत जाऊन बसू लागल्या.

१८९३ चे सारे वादळ या उघड्या दाराभोवती उठले. ‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला. सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कुणाला बोलावीत नाही, पण आपणहून आलेल्या मुलीला दाराबाहेरही घालविणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. वचनाचे शब्द त्यांनी पाळले होते, यात शंका नाही. पण वचनाचा आत्मा पाळला गेला होता काय?

या प्रश्नावर सुधारकांची बाजू पुरेशा सहानुभूतीने मांडली जात नाही. रानडे आणि भांडारकर हे सोवळेपणासाठी भांडणारे लोक नव्हते. त्यांची अडचण खरी होती. ज्या घरांनी लोकनिंदा पत्करून विधवा मुली शिकावयास पाठविल्या, त्या घरांना त्यांनी स्वतःच्या नावाने हमी दिली होती. शिवाय मनुष्याच्या मनावर परिणाम करण्यासाठी उपदेशच करावा लागतो असे नाही. आठ-दहा वर्षांची केशवपन झालेली मुलगी, जिचे तोंड सकाळी पाहणे घरात अशुभ मानले जाई, ती एका अशा स्त्रीच्या सहवासात येते, जी तिला नावाने हाक मारते, जेवली का म्हणून विचारते, पुस्तक हाती देते. ती स्त्री जेव्हा डोळे मिटून बसते, तेव्हा ती मुलगी शेजारी जाऊन बसणारच. हे आकर्षण आहे की मोकळ्या मनाने केलेली निवड, हे त्या मुलीलाही सांगता येणार नाही. तेव्हा उघडे दार हे तटस्थ असते, हा रमाबाईंचा युक्तिवाद पुरेसा नाही. ज्या घरात प्रेम फक्त एकाच माणसाकडून मिळते, त्या घरात त्या माणसाचे उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणेच असते.

तथापि सुधारकांच्या बाजूतही एक उणीव होती आणि ती अधिक खोल आहे. ते मुलींच्या मनाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलत होते, पण प्रत्यक्षात विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता. ही मुलगी कुणाची? बापाची, सासऱ्याची, जातीची की रमाबाईंची? मुलीला काय वाटते, हे विचारण्याची कल्पना कुठल्याच पक्षाच्या मनात नीटशी उगवली नव्हती. ज्या मुलींना काढून नेण्यात आले, त्यांतल्या किती जणींना जावयाचे नव्हते, हे कुणी लिहून ठेवले नाही. या संदर्भात गोदूबाईंची, म्हणजे पुढच्या आनंदीबाई (बाया) कर्वे यांची साक्ष मोलाची आहे. सदनाची पहिली मुलगी ती. रमाबाईंच्या अगदी निकट सहवासात राहिलेली. ती ख्रिस्ती झाली नाही, आणि ‘माझे पुराण’मध्ये तिने रमाबाईंविषयी जे लिहिले ते कृतज्ञतेने. उघड्या दारातून आत जाऊनही परत बाहेर येता येत होते, याचा हा जिताजागता पुरावा होता. पण त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावयास हवे, की गोदूबाईंच्या मागे माणसे होती. नरहरपंत नावाचा भाऊ होता, माहेर होते, परत जावयास एक घर होते. ज्याला परत जावयास घर असते, त्यालाच दुसऱ्याच्या घरात नाही म्हणता येते.

हा शेवटचा मुद्दा १८९७ मध्ये आपल्या पूर्ण वजनानिशी पुढे आला.

बुंदेलखंडातून सुरू झालेला १८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. सागर, दमोह आणि जबलपूर या जिल्ह्यांत त्याचा जोर भयंकर होता. तीन वर्षांत दुसरा दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख ४८ हजार असलेली जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजारांवर आली होती. ज्या काळात लोकसंख्या वाढावयाची त्या दहा वर्षांत ती अशी घटावी, यावरून खेड्यापाड्यांतून काय घडले असेल याचा अदमास येतो. जबलपूर हे काही मराठी माणसाला परके शहर नव्हे. १८१७ पर्यंत तो मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि तेव्हापासूनची मराठी घराणी नर्मदेच्या दोन्ही काठांवर नांदत आली आहेत. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरातच एकमेकांना मिळाले. आज कांचघरसारख्या वस्त्यांनी गजबजलेल्या या शहराचे आधुनिक जीवन त्या मार्गाभोवतीच वाढले. दुष्काळात त्याच मार्गाने धान्य आत आले आणि अनाथ मुले बाहेर गेली.

रमाबाई मध्य प्रांतात गेल्या त्या स्वतःच्या मनाशी झगडून. स्वतःच्या उपासमारीची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना, असे त्यांनी दुष्काळातल्या अनुभवांविषयी लिहिताना सांगितले आहे. सरकारी गरीबखाने त्यांनी पाहिले. तेथील अन्नाचा दर्जा, रोगराई आणि त्याहून भयानक म्हणजे देखरेख करणाऱ्या पुरुषांच्या हाती सापडलेल्या तरुण मुलींची अवस्था त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता वर्णिली. अन्नाच्या बदल्यात देह मागितला जात होता. अशा स्थितीत त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता, तेव्हा नव्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला आधीच घेतलेली जमीन होती, तेथे तात्पुरता निवारा उभारण्यात आला. त्यातून मुक्ती सदन वाढले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावात आता धर्मतटस्थतेचे वचन नव्हते. दहा वर्षांची मुदत संपली होती आणि १८९८ मध्ये अमेरिकेतील संस्थेची पुनर्रचना होऊन ती अटही गेली होती. मुक्ती सदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि १९०५ मध्ये तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन घडले, रात्र-रात्र चालणाऱ्या सामूहिक प्रार्थनांचे जे पर्व आले, त्याची वार्ता जगभर पोचली. दोन हजार माणसांच्या त्या वसाहतीत एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला, जिचे गाव ओस पडले होते आणि आईबाप वाटेवर मेले होते, त्या प्रार्थनेपासून दूर उभे राहणे कितपत शक्य होते? शारदा सदनात दार उघडे होते. मुक्ती सदनात दार असे वेगळे नव्हतेच. साऱ्या घराची एकच खोली झाली होती.

वाँटेजची रमाबाई केडगावच्या रमाबाईंना काय म्हणाली असती, असा प्रश्न येथे टाळता येत नाही. तिथे त्यांनी सांगितले होते, की अन्न दिले म्हणून विवेकावर अधिकार मिळत नाही. आपल्या मुलीच्या मनात आपल्याला न पटणारे काही घालू नका, असे त्यांनी हक्काने म्हटले होते. केडगावच्या मुलींच्या वतीने असे म्हणणारे कुणीही उरलेले नव्हते, आणि ते म्हणणे अशक्य करणारा दुष्काळ रमाबाईंनी आणलेला नव्हता. म्हणूनच त्यांच्यावर दोषारोप करणे सोपे नाही. ज्या मुलीला गरीबखान्यातून उचलले नाही तर उद्या तिचे काय होणार हे दिसत होते, तिच्या बाबतीत आधी तिचे विचारस्वातंत्र्य सुरक्षित आहे ना याची खातरजमा करीत बसणे ही क्रूर चैन ठरली असती. जीव वाचविण्याला अटी नसतात. पण जीव वाचल्यानंतरच्या वर्षांना अटी असतात, आणि त्या वाचविणाऱ्याने स्वतःवर घालावयाच्या असतात. या दुसऱ्या भागात रमाबाईंचे पाऊल त्यांच्या स्वतःच्याच जुन्या मापाला पुरे पडत नाही, असे म्हणावे लागते.

हे म्हणताना त्यांच्या विरोधकांकडे पाहिले म्हणजे चित्र पुन्हा बदलते. १८९३ मध्ये पुण्यात थोड्या ब्राह्मण विधवांसाठी जेवढा गदारोळ झाला, तेवढा पुढच्या दहा वर्षांतील शेकडो दुष्काळी मुलींसाठी झाला नाही. त्यांतल्या पुष्कळजणी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या, परक्या बोलीच्या, कुणाच्याच घराण्याच्या अब्रूशी न जोडलेल्या अशा होत्या. ज्यांच्या धर्मांतराने कुणाची मान खाली जात नाही, त्यांच्या मनाच्या स्वातंत्र्याची काळजी कोण करणार? मध्य प्रांतातल्या अनाथांसाठी खरी स्पर्धा उभी केली ती पंजाबातील आर्य समाजाने. १८९७ मध्ये लाला लजपत राय यांच्या पुढाकाराने हिंदू अनाथ मुलांना मिशनांच्या हाती जाऊ न देता पंजाबात नेण्याची मोहीम सुरू झाली. या मोहिमेने अनेक मुलांचे प्राण वाचविले आणि तिची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्यातही मूळ प्रश्न तोच होता: ही मुले कुणाची? एकाच लोहमार्गाने काही मुले दक्षिणेस केडगावकडे गेली, काही उत्तरेस लाहोरच्या दिशेने गेली. कोणत्या गाडीत बसावयाचे, हे त्यांतल्या कुणालाही विचारले गेले असेल असे वाटत नाही. नर्मदाकाठची बोली बोलणाऱ्या त्या मुलांची भाषाही त्या गाडीने बदलली. दक्षिणेस गेलेल्या मुली पुढे मराठी बोलू लागल्या.

रमाबाईंच्या अखेरच्या मोठ्या साहित्यिक कार्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. संपूर्ण बायबलचा मूळ भाषांवरून मराठी अनुवाद हे काम त्यांनी जवळजवळ अठरा वर्षे केले. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी समीक्षेने या अनुवादाकडे धर्मप्रचाराचे साहित्य म्हणून पाठ फिरविली. त्यातील ईश्वरशास्त्र बाजूला ठेवले, तरी त्यातला भाषेविषयीचा निर्णय साहित्याच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे. प्रचलित मराठी अनुवाद संस्कृतप्रचुर आहे, त्यातल्या अनेक शब्दांना वेदान्ताचा वास येतो आणि साध्या बाईला तो कळत नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. संस्कृतची पंडिता म्हणून जिचा गौरव झाला, तिने आयुष्याच्या शेवटी जाणूनबुजून संस्कृत गाळून मराठी लिहिली. शब्दभांडार मुद्दाम आखडते घेण्याचा हा प्रयोग कलादृष्ट्या सर्वत्र साधलेला नाही. काही ठिकाणी वाक्ये अडखळतात, काही ठिकाणी सोपेपणाच्या हट्टापायी अर्थाची छटा हरवते. पण हा ग्रंथ कुणासाठी लिहिला जात होता हे ध्यानी घेतले, की त्या हट्टाचा उलगडा होतो. ज्यांनी मराठीसुद्धा केडगावात येऊन शिकली, अशा बायका त्याच्या वाचक होत्या.

आणि येथे रमाबाईंची जुनी ओळख पुन्हा पटते. ज्याला जे शिकवावयाचे ते केवळ कानावर घालून त्या थांबल्या नाहीत. ग्रंथ हाती देण्याचा, तो स्वतः वाचण्याचा हट्ट त्यांनी धरला. कलकत्त्यात त्यांच्या बाबतीत जे घडले, ते त्या विसरल्या नसाव्यात. वेद हाती आल्यावर त्यांची श्रद्धा ढळली होती. वाचता येणाऱ्या माणसाच्या मनात पुढे काय होईल, याची हमी पुस्तक देणारा देऊ शकत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरीही त्यांनी वाचावयास शिकविले. केडगावच्या शाळा, कर्मशाळा आणि मुद्रणालय यांकडे पाहताना हे विसरता येत नाही. त्यांनी केडगावात मोकळीक दिली असेल, तर ती प्रार्थनेच्या वेळी दिली नाही, अक्षराच्या वाटेने दिली. ती पुरेशी होती काय, हे ज्यांनी ती घेतली त्यांनीच सांगावयास हवे होते, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले आहेत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अनुवाद त्यांनी पुरा केला होता, पण छापून पूर्ण झालेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मुक्तीच्या छापखान्यातले काम तेथील बायकाच करीत. त्यांतल्या काहीजणींची पहिली भाषा मराठी नव्हती, त्यांना आपले गाव आठवत असेल किंवा नसेलही. खिळे उलटे जुळवावे लागतात, म्हणून ओळ आधी नीट वाचावी लागते. ते काम त्या रोज करीत होत्या.